एक मात्रा जास्त

‘प्रभाव’ या रकान्यात काय लिहायचं यावर मी चार दिवस घालवले. आमच्या भागातल्या वादकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. तिथे जोडीदार शोधायचा तर आधी फॉर्म भरावा लागतो. वाद्य कोणतं, गाव कोणतं, किती वर्षं वाजवता, हे सगळं मी जळगावच्या रिक्षेत बसून पाच मिनिटांत भरलं. मग हा रकाना आला. तुमच्यावर कुणाकुणाचा सांगीतिक प्रभाव आहे ते थोडक्यात सांगा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या रक्तात काय काय आहे ते दिवसभर छापून देते, पण स्वतःचं लिहायची वेळ आली तेव्हा माझी बोबडी वळली.

शेवटी अकरा नावं लिहिली. त्यातली आठ परदेशी होती. एक बँड तर आइसलँडचा, ज्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही आणि ज्याची मी मोजून दोन गाणी ऐकली होती, त्यातलं एक अर्धं. वजन यावं म्हणून शास्त्रीय संगीतातलं एक थोर नावही घातलं. अगदीच खोटं होतं असं म्हणणार नाही. मला ज्यांच्यासारखं व्हावंसं वाटत होतं त्यांची ती यादी होती. धुळ्याच्या गल्लीत मी लहानपणी काय ऐकलं, हे कुणी विचारतंय असं मला वाटलंच नाही. वाटलं असतं तरी मी ते लिहिलं नसतं, कारण नाक मुरडण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे.

बँड म्हणजे तोवर आम्ही दोघंच होतो. मी गिटार वाजवायची आणि गायची. ड्रमवर एका शाळेतले गणिताचे सर. सरांच्या मेहुण्याचा केळीचा धंदा होता. केळी पिकवायची त्याची एक जुनी खोली बंद पडली होती, ती त्याने आम्हाला वापरायला दिली. जाड भिंती, जाड दार, खिडकी नाहीच. आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरची हवा आत येत नाही. वास मात्र केळीचा, जो भिंतीतच मुरला होता. दर रविवारी दुपारी आम्ही दोन टेबलफॅन लावून तिथे घाम गाळायचो, आणि घरी गेल्यावर माझ्या कपड्यांना शिकरणाचा वास यायचा.

माझी स्वतःची चार गाणी होती. त्यातलं एक मला फार जवळचं होतं, आणि भांडणही त्याच्यावरूनच होतं. त्याची तिसरी ओळ हळूहळू वर चढते, आणि तिथून उतरायच्या आधी मी थांबायची. जाणूनबुजून नाही. हात आपोआप थांबायचा. सरांच्या हिशेबात आठ मात्रांच्या नऊ व्हायच्या. ते काठी उचलून हवेत धरायचे आणि म्हणायचे, मॅडम, पुन्हा नऊ. मी पुन्हा म्हणायची, पुन्हा नऊ. दर कडव्याला त्याच जागी. मी ती मात्रा काढून बघितली, तेव्हा गाणं पाहुणे उठायच्या आत ताटं उचलल्यासारखं वाटायला लागलं. परत घातली तर सर वैतागले.

फॉर्म पाहून दोघे जण आले. पहिला भुसावळचा कीबोर्डवाला, हुशार होता. त्याने एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा त्या जागी तोंडावर आपटला आणि म्हणाला की इथे तुमचा ताल सुटतो, हे आधी दुरुस्त करा. दुसऱ्याने माझ्या यादीतल्या त्या आइसलँडच्या बँडवर माझी परीक्षाच घेतली. मी गडबडले, मग चिडले, मग त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं. तो माझ्या तापटपणाचा दोष, त्याचा नाही. जाता जाता त्यानेही तेच सांगितलं, तिसऱ्या ओळीनंतर तुमचं बिघडतं.

तिघांनी एकच दोष काढला म्हणजे तो असणारच. सरांनी मला सरळ सांगितलं की येत्या रविवारपर्यंत ती ओळ आठात बसवा, नाहीतर मला सोडा. ते रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. सर गेल्यावर मी त्या केळीच्या खोलीत एकटीच बसून राहिले. माझं वय सदतीस. पंधरा वर्षं मी गिटार वाजवतेय, आणि मला पहिल्यांदा ही भीती वाटली की आपल्याला मुळात ताल कळतच नसेल. कान नसलेल्या माणसाला आपल्याला कान नाही हे कसं कळणार? गाणं दुरुस्त होवो न होवो, मला फक्त एवढं जाणून घ्यायचं होतं की माझ्या आत काही आहे, की मी इतकी वर्षं नुसतीच हौस करतेय.

शुक्रवारी नशिराबादहून एक फोन आला. आवाज वयस्क, सावकाश. म्हणाले, मी क्लॅरनेट वाजवतो, माझ्या जावयाने तुमचं वाचून दाखवलं. कुठे वाजवता विचारलं तर म्हणाले, लग्नाच्या बँडमध्ये, चाळीस वर्षं. आता डीजेमुळे कामं कमी आहेत, म्हणून रविवार मोकळा असतो. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. वरातीतलं क्लॅरिनेट माझ्या गाण्यात काय करणार? पण नाही म्हणायला काही कारण सुचेना, आणि रविवारी तसंही सगळं संपणारच होतं. मी त्यांना पत्ता दिला.

ते वेळेच्या आधी आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, खांद्याला काळी पिशवी. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं वाद्य काढलं, एकेक तुकडा जोडला, आणि फुंकायच्या टोकाला बसवायची वेताची पत्ती जिभेवर ओली करत बसले. मी त्यांना चाचा म्हणायला लागले, ते मला ताई म्हणत होते. पत्ती तोंडात असतानाच त्यांनी विचारलं की त्या यादीतली ती माणसं कोण, कसं वाजवतात. अगदी निर्मळ मनाने विचारलं. एकेक नाव ते त्यांच्या परीने उच्चारत होते, आणि मी सांगत होते. चौथ्या नावापर्यंत मी छान बोलले. पाचव्याला अडखळले. सातव्याला मला कबूल करावं लागलं की याचं मी फारसं ऐकलेलं नाही. आठव्याला तर मी पंख्याकडे बघत बसले. सर मागे ड्रमच्या आड हसत होते. चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, यातलं मी कुणालाच ऐकलेलं नाही, मग आपण दोघं सारखेच. तुम्ही वाजवा.

मी वाजवलं. पहिल्या कडव्यात चाचा नुसते ऐकत होते, डोळे मिटून, डोकं जरा डाव्या बाजूला कललेलं. ती जागा आली, माझा हात थांबला, मागे सरांची काठी चुकली. मी वर बघितलंच नाही. दुसऱ्या कडव्याला चाचांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि माझ्या आवाजाच्या मागोमाग यायला लागले, एकदम हलकं, भाजीत तेल सोडावं तितकंच. तिसरी ओळ चढायला लागली, तेही चढले. आता हेही आपटणार.

आपटले नाहीत. ते थांबले. मी थांबले तेवढंच, ना कमी ना जास्त, आणि मी उतरले त्याच क्षणी उतरले. मला वाटलं, योगायोग असेल. तिसऱ्या कडव्यालाही तसंच. सर वाजवायचं सोडून बघत बसले होते. ज्या जागेने माझं गाणं सहा महिने अडवून धरलं होतं, ती जागा हा माणूस पहिल्यांदा ऐकून ओळखीची असल्यासारखी पार करत होता.

सरांना राहवेना. ते म्हणाले, चाचा, इथे नऊ होतात ना? चाचांनी पत्ती पुसली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, ही गिनतीतली मात्रा नाही. इथं कुणीतरी दम घेऊन राहिलंय.”

मग त्यांनी विचारलं की तुमच्या घरची कानबाई धुळ्याची का.

कानबाईचं नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. कानबाई आमच्या खानदेशात श्रावणात बसते. नारळाची देवी, तिला नथ घालतात, ओढणी घालतात, चौरंगावर बसवतात, रोटांचा नैवेद्य होतो. रात्रभर घरातल्या आणि गल्लीतल्या बाया गातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्याही घरी बसायची. मी नऊ वर्षांची असताना थोरले काका कामाधंद्यासाठी सुरतेला गेले, आणि थोरल्याच्या मागे देवीही तिकडे गेली. त्यानंतर मी तो विषय डोक्यातून काढून टाकला होता. मी चाचांना म्हटलं, हो, धुळ्याचीच, पण तुम्हाला काय माहीत? त्यांनी गल्लीचं नाव सांगितलं. पाण्याची टाकी, तिच्या समोरचा पिंपळ, तिसरं घर. बरोबर सांगितलं.

चाचा मूळचे धुळ्याचे. लग्नानंतर नशिराबादला आले. विशीत ते मामांच्या बँडमध्ये लागले, आणि त्या बँडकडे आमच्या गल्लीतल्या कानबाईचं काम दर वर्षी असायचं. त्यांनी जे सांगितलं ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. लग्नात माणसं बँडच्या तालावर नाचतात, पण कानबाईला उलटं. तिथे चाल बायांची, बँडने ती फक्त उचलून धरायची. आणि प्रत्येक घरच्या बायांची चाल थोडी वेगळी, एक घर एका ओळीवर जास्त रेंगाळणार, दुसरं शेवट तोडणार. म्हणून मामा आदल्या संध्याकाळी क्लॅरनेटवाल्याला त्या घरी पाठवायचे. वाद्य न्यायचं नाही, नुसतं ओट्यावर बसायचं आणि आतलं गाणं कानात घ्यायचं. घरची बाई चहा आणून द्यायची. रात्री परत येऊन मोठ्या ढोलवाल्याला आणि झांजवाल्याला समजावायचं, की उद्या अमुक घरापुढे अमुक जागी असं वाजवायचं.

पहिल्या वर्षी चाचांनी कंटाळा केला. तरणं वय, वाटलं, बायांची गाणी ती काय, सगळी सारखीच. ओट्यावर न बसता ते तसेच सकाळी गेले. टाकीपाशी मिरवणूक आली, बाया गात होत्या, आणि एका ओळीनंतर त्या सगळ्या थांबल्या. चाचांचं क्लॅरिनेट एकटंच पुढे पळालं, त्याच्यामागे ढोल, झांजा, सगळा बँड. देवी डोक्यावर घेतलेली बाई रस्त्यात उभीच राहिली. एक पाऊल पुढे टाकेना. मामांनी तिथेच, सगळ्या गल्लीसमोर, चाचांच्या पाठीत धपाटा घातला. मग म्हणाले, त्या पुढे चालणाऱ्या सुनेला दमा आहे, तिला तिथे श्वास लागतो, बाकीच्या तिच्यासाठी थांबतात, तूही थांबायचं. चाचा म्हणाले, मग आठ वर्षं मी तिथे थांबलो. दुसऱ्या कुठल्याही घराच्या गाण्यात ती जागा नव्हती, म्हणून विसरलो नाही.

हे सांगून त्यांनी ती जुनी चाल वाजवली. माझ्या गाण्यासारखी नव्हती ती. सूर वेगळे, चढण वेगळी. पण चढून झाल्यावर ती थांबली, आणि त्या थांबण्याला माझं अख्खं शरीर ओळखत होतं. मला रडू आलं. सरांसमोर, एका अनोळखी माणसासमोर, गिटार मांडीवर घेऊन मी हमसून रडले. आमच्या घरची देवी डोक्यावर घेऊन पुढे चालणारी सून म्हणजे माझी आई. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शेवटचं वाजलेलं गाणं एका माणसाच्या फुप्फुसात जसंच्या तसं राहिलं होतं, आणि दुसऱ्या बाजूने ते माझ्या हातात आलं होतं, मला न विचारता, न सांगता. आम्ही दोघं दोन गावांत ती एकच जागा सांभाळत बसलो होतो. मी आजवर जे जे संगीत ऐकून थक्क झाले, ते सगळं त्या दुपारपुढे मला लहान वाटलं.

सरांनी काठ्या घेतल्या आणि म्हणाले, पुन्हा करू. त्यांनी मोजायचं सोडलं. चाचांचे खांदे वर गेले की थांबायचं आणि खाली आले की मारायचं, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं. दुसऱ्याच खेपेला गाणं सरळ पार झालं. गणिताच्या माणसाला न मोजता वाजवताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि जरा अभिमानही वाटला. निघताना चाचांनी पुढच्या रविवारी किती वाजता यायचं एवढंच विचारलं.

पण माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली. आईला दमा? मी तिच्या घरात बावीस वर्षं राहिले. लॅबमध्ये काम करते, दमेकरी माणूस खोकला की मला बाहेरून कळतं. आईला मी कधी धाप लागलेली बघितली नव्हती. सत्तरीतही ती माझ्या भावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पिशव्या घेऊन चढते. फोनवर विचारायला मन होईना. पुढच्या सुट्टीला मी सकाळची एसटी पकडली आणि पारोळ्यामार्गे धुळ्याला गेले.

आई गॅलरीत वर्षाच्या तिखटासाठी लाल मिरच्यांची देठं काढत बसली होती. माझ्याकडे बघून तिने आधी मी वाळलेय का ते ठरवलं, मग भावाच्या बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी तिच्याशेजारी बसले, आणि काही न सांगता मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं आमचं गाणं लावलं. माझं गाणं आईने आधी कधी नीट ऐकलेलं नव्हतं. ऐकवलं की ती म्हणायची, चांगलं शे, आणि कामाला लागायची. आताही तिचे हात मिरच्यांवर चालूच होते. तिसरी ओळ चढली, आणि त्या जागी आईचे हात थांबले. खांदे वर उचलले गेले. तिने श्वास घेतला. गाणं उतरलं तशी तीही उतरली, आणि पुढची मिरची उचलली. तिला स्वतःला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

मी तिला चाचांचं सगळं सांगितलं. मामांचा धपाटा ऐकून ती खूप हसली, तिला तो पोऱ्या आठवत होता, एकटाच पुढे पळालेला. मग मी विचारलं की आई, तुला दमा कधी होता. तिने हातातली मिरची खाली ठेवली.

“दमा कसाना? त्या साले तू पोटमा व्हती. सातवा महिना व्हता. ती ओळ एक दममा वढाये ना. मन्हा दम तुटना, तं बठ्ठ्या बाया थांबी गयात.”

देवी डोक्यावर घ्यायची पाळी त्या वर्षापासून तिची होती, आणि पुढे चालणारीनेच गाणं उचलायचं असतं. सातवा महिना म्हणून सासूने नको म्हटलं, पण ती हट्टाने निघाली. पुढच्या श्रावणात मी नऊ महिन्यांची होऊन पाळण्यात होते, आईला दम पुरत होता, ती ओळ सरळ ओढून पुढे निघाली. मागे वळून बघते तो सगळ्या बाया थांबलेल्याच. तिने सांगून बघितलं की आता थांबू नका, मला काही होत नाही. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही. शेवटी तीही त्यांच्याबरोबर थांबायला लागली. नवीन सुना आल्या, त्यांनी तशीच चाल घेतली, आणि का थांबायचं हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. पदराआडचं पोट बँडवाल्यांना दिसलं नव्हतं, त्यांनी आपला दमा ठरवून टाकला.

एवढं सांगून आई मिरच्यांकडे वळली. मी बोटांवर महिने मोजत होते, जणू तिच्यावर माझा विश्वास नव्हता. श्रावण सातवा, भाद्रपद आठवा, आश्विन नववा. माझा जन्म कार्तिकातल्या दुसऱ्या दिवसाचा. ज्या मात्रेसाठी मी स्वतःला बहिरी समजत होते, ती त्या गल्लीतल्या बायांनी माझ्यासाठी सोडलेली जागा होती, आणि तेव्हा मी कुणालाच दिसलेही नव्हते.